हरल्याची पंगत

कुरणवाडीत होड्यांची शर्यत जी आळी हरेल, तिनं जिंकणाऱ्या आळीला जेवायला घालायचं. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोडायची छाती कुणाची झाली नव्हती. श्रावणात कृष्णेत दोन होड्या सुटायच्या, एक वरच्या आळीची आणि एक खालच्या आळीची. पलीकडच्या काठावरच्या मळीवरून निघायचं आणि अलीकडच्या घाटाच्या पायरीला होडीचं टोक टेकवायचं. ज्याचं आधी टेकलं तो जिंकला. मग हरलेल्या होडीचं सुकाणू ज्याच्या हातात होतं त्याच्या दारात मांडव पडायचा, खपली गव्हाची खीर शिजायची आणि जिंकलेली आळी झाडून सगळी पाटावर बसायची. जिंकलेल्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. वर्षभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसंही त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात हात धुऊन बसायची. 'जिंकला तो पाटावर, हरला तो चुलीवर' म्हणत म्हणत गावानं कैक पिढ्यांची भांडणं खिरीत बुडवली होती.

पुढं धरणांची दारं यंत्रांच्या हाती गेली. डोंगरात पावसाचा नुसता अंदाज आला तरी वरची दारं आपोआप उघडायची, आणि खाली पाणी कधी चढेल याचा भरवसा राहिला नाही. श्रावणात नदीत होडी घालायला बंदी आली, आणि खरं सांगायचं तर ती बंदी काही चुकीची नव्हती. मग यात्रा कमिटीच्या सदाशिवतात्यांनी शाळेत पोरं बांधतात तसली 'पट्टी' शर्यतीला आणली. ती कपाळाला बांधली की डोळ्यांपुढं कृष्णा उभी राहायची. पाणी, घाट, पलीकडची मळी, सगळं हुबेहूब. "कुणी बुडायचं न्हाई अशी शर्यत आणलीय," असं तात्या भेटेल त्याला सांगत सुटले होते. कुणी हरायचंही नाही अशी ती शर्यत आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी वरच्या आळीचं सुकाणू शिवांजली आंबीच्या, म्हणजे शिवूच्या, हातात होतं, आणि खालच्या आळीचं तिच्याच थोरल्या बहिणीच्या, प्राजक्ताच्या. प्राजक्ता लग्न होऊन खालच्या आळीत गेली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दोघींना सुकाणू धरायला शिकवलं ते एकाच बापानं, एकाच होडीत. तो बाप आता नव्हता. शर्यत संपली, दोघींनी पट्ट्या काढल्या आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "जिंकले."

पुढचं सांगायला नको इतकं वाईट झालं. भर चावडीत सगळ्या गावासमोर सख्ख्या बहिणींनी एकमेकींचं माप काढलं. 'खोटारडी' हा शब्द आधी कुणाच्या तोंडून निघाला यावर गावात अजून एकमत नाही. त्या वर्षी खीर शिजली नाही, कारण हरलंच नव्हतं कुणी. पुढच्या वर्षी शर्यतच झाली नाही. प्राजक्तानं माहेरचा उंबरा सोडला तो सोडलाच. दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर, पण बहिणी समोरासमोर आल्या की एक जण वाट बदलायची.

चैत्रात एका दुपारी आई पापड लाटता लाटता थांबली.

"अक्काला दिवस गेलेत," ती म्हणाली. "तुझे दाजी सांगून गेले. सातव्यात आणायची म्हटलं तर श्रावण उजाडतोय."

शिवूच्या हातातली लाटी तशीच राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा रागही आला. "मग आणू की."

"ती यायची न्हाई. म्हणती, शिवूनं चावडीवर उभं राहून सांगावं, मी हरले होते, खोटं बोलले. मग येते." आईनं लाटणं बाजूला ठेवलं. "म्हण की बाई. जीभ झिजती व्हय तुझी? पहिलटकरीण हाय ती. बाळंतपणाला माहेर नको तिला?"

"हरले असते तर म्हणाले असते. तुझ्या आधी चूल पेटवली असती मी. पण मी पुढं होते, आई. माझी होडी पायरीला टेकलेली मी बघितलीय."

"तीबी तेच म्हणती."

हे वाक्य शिवूच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. अक्का हट्टी होती, तापट होती, लहानपणी शिवूच्या वाटणीचे चिरमुरे खुशाल खायची. पण विचारलं की 'व्हय, खाल्ले' म्हणायची. खोटं बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. आणि आपण खोटं बोललो नाही हे तर शिवूला पक्कं ठाऊक होतं. दोघी खऱ्या, मग खोटं कोण?

तिनं कमिटीच्या कपाटातून दोन पट्ट्या आणल्या. एक स्वतःला बांधली, दुसरी आईच्या कपाळाला.

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली.

"नुसतं हात हलीव."

आईनं हात हलवले. मधेच आमटीत मीठ टाकलं का असं विचारलं, मधेच पदर सारखा केला. शिवूला आईची होडी पार मागं, मळीजवळच घोटाळताना दिसत होती. ती सहज पायरीला टेकली आणि डोळ्यांपुढं अक्षरं आली, विजयी. तिनं पट्टी काढली. आईनंही काढली. आईचा चेहरा असा फुलला होता की शिवू बघतच राहिली.

"अगं बया, जिंकले की मी," आई म्हणाली. "तू लई मागं पडलीस गं. बरं न्हाई का वाटत?"

गावाच्या टोकाला, उसाच्या कडेला देवयानी दातार नावाच्या बाई राहायच्या. तरुणपणी पुण्यात फोनवरचे खेळ बनवायच्या. पुढं यंत्रांना नुसतं तोंडानं सांगितलं की खेळ तयार व्हायला लागले, तशी बाईंची नोकरी गेली. त्यांनी इथं घर घेतलं, दोडक्याचे वेल लावले आणि माणसांशी कमी बोलायला सुरुवात केली. शिवू थेट त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"पट्टी मुळात दवाखान्यातली," बाई वेल बांधत म्हणाल्या. "अर्धांगवायू झालेल्या माणसाला हात हलवायचा सराव करावा लागतो. चार वेळा जमलं नाही की माणूस खचतो, नाद सोडतो. म्हणून ही पट्टी कपाळाआडचा रक्तप्रवाह मोजते, कातडीवरचा घाम मोजते. मन खट्टू व्हायच्या क्षणभर आधी रक्ताची चाल बदलते, आपल्याला कळायच्याही आत. तेवढ्यात यंत्र समोरचं काम थोडं सोपं करतं. पेशंटला वाटतं, जमलं. आणि हळूहळू खरंच जमायला लागतं. तिथवर ते उत्तम होतं."

"मग खेळात कशाला घातलं?"

"हरलेला माणूस खेळ बंद करतो. जिंकलेला आणखी एक डाव मांडतो. कंपनीला काय हवं असेल, सांग."

"पण शर्यत आमची दोघींची होती."

"नव्हती. तुझी होडी तुझ्या नदीत होती, तिची तिच्या नदीत. तुझ्या नदीत दिसत होती ती तिची सावली. तुझं मन खट्टू व्हायला लागलं की ती सावली मागं ओढली जायची. तिच्याकडं तुझ्या सावलीचं तेच." बाईंनी सुतळीला गाठ मारली. "निकाल ज्याचा त्याचा, असं करारात लिहिलेलं असतं. लपवलेलं काही नाही. लोकांना कळतं, तरी कुणी तक्रार करत नाही. दोघंही खूश, मग बिघडलं कुठं?"

बाकीच्या जगात बिघडलं नव्हतं, कारण बाकीच्या जगात हरल्यावर खीर शिजवायची नव्हती. बिघडलं ते कुरणवाडीत.

"मग त्या दिवशी खरं जिंकलं कोण?" शिवूनं विचारलं.

"कुणीच नाही. शर्यत झालीच नाही, बाळ."

ती तशीच खालच्या आळीत गेली. प्राजक्ता पायरीवर बसून शेवग्याचा पाला काढत होती. पोट अजून दिसत नव्हतं, पण चेहरा उतरला होता. शिवूला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडली नाही. उभ्या उभ्याच पट्टीची सगळी हकीकत सांगितली.

"आता यंत्रावर ढकल," प्राजक्ता मान वर न करता म्हणाली. "नवी नवरी असताना या लोकांनी माझ्या हातात सुकाणू दिलं. आंबींची पोर, माहेरच्याच आळीला जिंकवायची, असं म्हणणारे होते इथं. मी जिंकले तवा सासूनं चारचौघांत माझं नाव घेतलं. आणि तू आज येऊन सांगतीस, शर्यतच झाली न्हाई?"

"मग परत खेळू. दोघींना एकच नदी दिसंल असा खेळ."

"कुठं मिळतो असला खेळ?"

"मिळत नसला तर मी करीन."

आता मात्र प्राजक्तानं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं, तेही कुचकं. "तुला दुधावर नजर ठेवायला सांगितलं तर दूध उतू जातंय."

"श्रावणात चावडीवर ये. जी हरंल तिनं चूल पेटवायची. मी हरले तर सगळ्या गावासमोर हरले म्हणीन. पण हरले तरच."

प्राजक्तानं पाल्याची टोपली उचलली आणि आत जाता जाता म्हणाली, "येते जा."

शिवूला वाटलं होतं, बाईंच्या यंत्राला सांगितलं की खेळ तयार. बाईंनी तिला खुळ्यात काढलं. "यंत्रानं केलेल्या प्रत्येक खेळाला पट्टी लागते, त्याशिवाय तो सुरूच होत नाही. आणि समज, नाही लागली. गाव काय म्हणेल? ज्याच्यावर चोरीचा संशय, त्यालाच पंच नेमला? यंत्राला न सांगता, ओळ न् ओळ हातानं लिहायची. ज्याला वाटेल त्यानं येऊन वाचावी."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं." बाईंनी ट्रंकेतून जुना लॅपटॉप काढला. त्याला ना पट्टी जोडता येत होती, ना बाहेरचं जग. "एक गोष्ट आधी डोक्यात घाल. हे मूर्ख आहे. तू सांगशील तेवढंच करतं, तू सांगशील तसंच करतं. तुझ्या मनात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

पहिल्या दिवशी शिवूनं पडद्यावर एक ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी तो ठिपका हलायला लागला, आणि ती खुर्चीवरून उठून दोडक्याच्या मांडवाखाली दोन गिरक्या मारून आली. मग तिनं ठिपक्याची होडी केली. होडी निघाली ती मागं आपल्याच शेकडो होड्या सोडत, जशी सांडलेल्या काकवीतून मुंगी चालावी. हलवलेली होडी नव्या जागी काढायची तर जुन्या जागची आधी पुसायला लागते, हे तिनं सांगितलंच नव्हतं. पुसून काढायची, परत पुसून परत काढायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. तेव्हा कुठं होडी चालल्यासारखी दिसते. मग होडीला वर न्यायला गेली तर ती खाली गेली, कारण पडद्याच्या मुलखात मोजणी वरून खाली चालते. मग होडी पायरीला टेकून थांबेना. घाटातून, चावडीतून आरपार जाऊन पडद्याबाहेर निघून गेली.

आणि प्रत्येक वेळी लाल अक्षरं. चूक. एक कंस मिटायचा राहिला तर सगळी नदी गायब. एका संध्याकाळी तिनं लॅपटॉप धाडकन मिटला. "माझं जमायचं नाही. हे मुद्दाम करतंय."

"मुद्दाम करायला त्याला मन लागेल," बाई म्हणाल्या आणि पाणी घालायला निघून गेल्या.

घरी जाताना वाटेत शिवूला एक गोष्ट लख्ख दिसली. ती शाळेत गेली तेव्हापासून अभ्यासाला पट्टी, खेळाला पट्टी. आजवर कुठल्याही यंत्रानं तिला 'नाही' म्हटलंच नव्हतं. तिचं मन खट्टू व्हायच्या आत सगळं जग वाकायचं. हे जुनं डबडं मात्र वाकत नव्हतं. तिला राग आला, झोंबलं, आपल्याला काहीच कसं येत नाही असं वाटलं, आणि तरी त्याच्यापुढं परत बसावंसं वाटत होतं. कारण आज होडी मळीपासून घाटापर्यंत आली होती, आणि ती कुणी तिच्या समाधानासाठी ओढून आणली नव्हती. तिनं आणली होती. सकाळी आईनं चहा पुढं करायच्या आत ती बाईंच्या दारात होती.

आषाढ सरेपर्यंत नदी झाली. पाण्याला ओढ आली, मधल्या धारेत जास्त, काठाला कमी. कीबोर्डवरच्या दोन कळा आलटून पालटून दाबल्या की वल्ही पडायची, आणि लय चुकली की होडी जागीच गरगरायची. शेवटी राहिला निकाल. शिवूनं लिहिलं, खालच्या आळीची होडी पायरीला टेकली का? टेकली असेल तर खालची आळी जिंकली, खेळ संपला. नसेल, तर वरच्या आळीची टेकली का?

"खालची आधी का?" बाईंनी मागून डोकावून विचारलं.

"अक्का दिलीय त्या घरची आळी आहे. देण्याघेण्यात, पानसुपारीत, कशातही सोयऱ्यांना आधी विचारतात."

"या डबड्याला सोयरे कळत नाहीत."

"मला कळतात की."

बाई हसल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

ही बातमी सदाशिवतात्यांपर्यंत पोचली तसे ते आंबींच्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली, घसा खाकरला. "पोरी, कंपनीचा निरोप आलाय. त्यांच्या पट्ट्या गावाला फुकट हायेत. सार्वजनिक जागी दुसरा खेळ लावला तर सगळ्या पट्ट्या परत नेणार म्हणत्यात. आपण असं करू. दोघी जिंकल्या असं जाहीर करतो. दोघींना हार घालतो. मिटवून टाकू."

"तात्या, दोघी जिंकल्या तर खीर कोण शिजवणार?"

"कमिटी शिजवंल की."

"कमिटीच्या दारात अक्का बाळंत होणार हाय का?"

आईनं 'शिवू' म्हणून दटावलं, पण शिवू थांबली नाही. "दोघी जिंकल्या म्हणूनच तर ती दोन वर्षं या दारात आलेली न्हाई. चावडीची भिंत गावाची हाय. कंपनीची न्हाई. मी भिंतीवर खेळ लावणार. पट्ट्या न्यायच्या तर खुशाल न्या म्हणावं, मी बांधून देते."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "तुझा बाप असाच होता," असं म्हणून ते उठले. चावडीची भिंत मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी चुना मारून पांढरी करून घेतली.

श्रावणात ठरल्या दिवशी दिवस मावळल्यावर सगळं गाव चावडीपुढं जमलं. शाळेतला जुना प्रोजेक्टर, दोन कीबोर्ड, भिंतीवर एक नदी. गावाला आधी त्याचीच गंमत वाटली, की एकाच भिंतीकडं सगळे बघताहेत आणि सगळ्यांना तेच दिसतंय. प्राजक्ता सासूचा हात धरून आली. चांगलं दिसेल इतकं पोट आलं होतं. खुर्चीवर बसताना तिनं शिवूकडं बघितलं नाही.

शिवूनं दोन्ही आळ्यांना कळा दाखवल्या. प्राजक्तानं वाटेल तितका सराव करून घ्यावा असं तिनं सांगितलं आणि लांब जाऊन उभी राहिली. अक्कानं तीन-चार फेऱ्या मारल्या, दोनदा गरगरली, एकदा काठाला आपटली. कुणी तिच्यासाठी काठ सरकवला नाही. तिनं ओठ आवळले आणि म्हणाली, "लावा आता."

होड्या सुटल्या. मधली धार लागताच शिवूनं होडी घाटाकडं न नेता प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला घातली. सरळ गेलं की धार ओढून खाली नेते, म्हणून आधी वर चढायचं आणि मग पाण्यालाच आपल्याला घाटावर आणून सोडू द्यायचं, ही वडिलांची चाल. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. अक्काची होडीही वरच चढत होती. तेच वळण, तीच जागा, वल्ह्याचीही तीच लय. एका बापाच्या दोन लेकी एका भिंतीवर एकाच वाटेनं चालल्या होत्या. माणसं ओरडायची थांबली. कितीतरी दिवसांनी गावाला कुणीतरी मागं पडताना दिसत होतं. आधी शिवू मागं पडली, मग प्राजक्ता, परत शिवू.  आपण हरू शकतो, हे शिवूला हाडांतून कळत होतं, आणि त्या भीतीनंच तिची बोटं धावत होती. पायरी जवळ आली. दोन्ही टोकं टेकली.

भिंतीवर अक्षरं उमटली, खालची आळी जिंकली.

खालच्या आळीत एकच दणका उडाला. वरच्या आळीतली पोरं पुढं सरसावली. "बरोबरीत होती. डोळ्यांनी बघितली आम्ही. परत लावा." शिवूचा स्वतःचा चुलता भिंतीवर बोट आपटत म्हणाला, "चुकलंय तुझं यंत्र. दुरुस्त कर."

शिवूला त्या क्षणी सगळं समजलं होतं. डोळ्याचं पातं लवायच्या त्याच एका क्षणात दोन्ही होड्या टेकल्या होत्या. यंत्रानं सांगितलं होतं तसं आधी खालच्या आळीला विचारलं, उत्तर 'हो' आलं, खेळ संपवला. वरच्या आळीला विचारायची पाळीच आली नाही. ती एक ओळ खाली घेतली असती तर वरची आळी जिंकली असती. तिनं मधे उभं राहून हात वर केला.

"यंत्र चुकलेलं न्हाई. ते मी लिहिलंय," ती म्हणाली. पार मागच्यांनाही ऐकू गेलं. "दोघी एकदमच टेकलो, हे खरं हाय. पण निकाल देताना आधी खालच्या आळीला विचारायचं असं मी लिहिलं होतं, कारण सोयऱ्यांना आधी विचारतात. असं एकदम टेकलं तर काय होईल, हे मला तवा सुचलं न्हाई. तरी नियम शर्यतीच्या आधी लिहिला, आणि दोघींनी त्याच नियमात होडी घातली. हरल्यावर नियम बदलायचा असंल तर ती पट्टी काय वाईट होती?"

चुलत्यानं भिंतीवरचं बोट खाली घेतलं.

"आपली आळी हरली," ती चुलत्याकडं वळून म्हणाली. "मी हरले. चूल पेटवा."

प्राजक्ता खुर्चीवरून जड अंगानं उठली आणि तिच्यापुढं येऊन उभी राहिली. दोन वर्षांनी एवढ्या जवळ. "मला घरी आणायला मुद्दाम हरलीस व्हय गं?"

"मुद्दाम हरायचं असतं तर दोन वर्षांपूर्वीच हरले असते," शिवूचा आवाज आता चढला. "एक वाक्य बोलायचं होतं. त्याला चार महिने डोळे कशाला फोडले असते? मी जिंकायला बसले होते, अक्का. जीव तोडून बसले होते. तू चांगली चालवलीस." आणि मग तिला रडू फुटलं, ते तिनं पुसलंही नाही. "मागल्या वेळी कोण जिंकलं ते कुणालाच ठाऊक न्हाई. आजचं ठाऊक हाय."

प्राजक्तानं भिंतीकडं बघितलं. दोन्ही होड्या अजून पायरीला टेकून होत्या, अंगाला अंग लावून.  मग सासूला म्हणाली, "चला. जिंकल्यावर न्हाई म्हणायची सोय न्हाई."

दुसऱ्या दिवशी आंबींच्या दारात मांडव पडला. वरची आळी चुलीवर, खालची पाटावर. सदाशिवतात्या कुठल्या आळीचे हे कुणाला कधीच कळलं नव्हतं, ते दोन्हीकडं होते. आईनं पहिलं पान प्राजक्तापुढं मांडलं, आणि वाढायला शिवूच्या हातात खिरीचं पातेलं दिलं. प्राजक्तानं एक घास घेतला. अख्खी पंगत तिच्या तोंडाकडं बघत होती.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली, आणि वाटी परत पुढं केली.

हात धुताना तिनं नवऱ्याला सांगितलं की येताना माझ्या साड्यांची पिशवी घेऊन या. आईनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

कंपनीची गाडी दोन दिवसांनी आली. तात्यांनी पट्ट्यांचं खोकं चावडीच्या पायरीवरच तयार ठेवलं होतं.

तेव्हा प्राजक्ता माहेरच्या पडवीत लोडाला टेकून, जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. सोयरे म्हणून मिळालेल्या मानानं जिंकणं तिला मंजूर नव्हतं. पुढच्या श्रावणात दोन्ही आळ्यांना एकदमच विचारायचं, आणि दोघी एकदम टेकल्या तर परत शर्यत, असं तिला त्यात घालायचं होतं, आणि ते ती स्वतःच्या हातानं घालणार होती. तिनं सावकाश एकेक अक्षर दाबत ओळ पुरी केली. पडदा लाल झाला.

"चूक म्हणतंय हे मला," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली.

"म्हणू दे," शिवू शेजारी सरकत म्हणाली. "परत लिही."